कुलूप भक्कम, किल्ली उंबरठ्यावर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबवला आणि असंख्य कार्यालयांना आपले संगणक अद्ययावत करणे भाग पडले. ते आवश्यकच आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळीत केले, तेव्हा त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. दिरंगाईची किंमत रुग्णांना मोजावी लागली.

परंतु प्रणाली बदलताना कर्मचाऱ्यांचे अधिकार सरसकट काढून घेतले जातात, त्याचे काय? प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात लिपिकाला नवा प्रिंटर जोडण्याचीही मुभा उरली नाही. संगणक-व्यवस्थापक आठवड्यातून दोनदा येत. ऐन परीक्षेच्या दिवसांत काम अडू लागले, तेव्हा त्यांचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर उतरला आणि ती चिठ्ठी सर्वांची झाली. कुलूप भक्कम झाले. किल्ली मात्र उंबरठ्यावर आली.

जेरोम सॉल्त्झर व मायकेल श्रोडर या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९७५ साली संगणकीय संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांतील दोन येथे महत्त्वाची आहेत. प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार असावेत, हे एक. आणि संरक्षणाची व्यवस्था सामान्य माणसाला सहज व नित्य पाळता येईल इतकी सोपी असावी, हे दुसरे. आपण पहिले तेवढे पाठ केले. २००७ मध्ये ‘विंडोज व्हिस्टा’ पावलोपावली परवानगी विचारू लागली, तेव्हा लोक न वाचताच संमती देऊ लागले. २००९ च्या ‘विंडोज ७’ मध्ये ते प्रश्न कमी करावे लागले.

नियंत्रणालाही किंमत असते, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी जाणतो. लिपिकाचा खोळंबलेला तास जमाखर्चात दिसत नाही, म्हणून तो फुकट ठरत नाही.

यावर उपाय अवघड नाही. दैनंदिन वापरासाठी मर्यादित अधिकारच असावेत; परंतु नेहमीची साधने व कार्यक्रम आधीच मंजूर करून ठेवावेत. जादा अधिकार लागल्यास तो त्याच दिवशी, ठरावीक मुदतीपुरता, व्यक्तीच्या नावे नोंद करून द्यावा. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांवाचून उघडत नाही. तरीही रोखपालाजवळ दिवसाच्या व्यवहारापुरती रक्कम असतेच. एवढा व्यवहार आपल्या कार्यालयांनी संगणकाच्या बाबतीतही पाळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?