बंबाचा जाळ फुकट जाणार नाही

आम्ही तांबट, वायरमन, पॉलिटेक्निकची पोरंपोरी आणि रोज पहाटे बंब पेटवणाऱ्या बायका जाहीर करतो: ज्या घरात जाळ आहे, तिथे लाइट गेली म्हणून काळोख राहता कामा नये.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दापोलीकडची कित्येक गावं मग अनेक दिवस अंधारात होती. जळण होतं, चुली पेटत होत्या, आणि मोबाइल मेलेले.

जाळातून वीज काढण्यात जादू काही नाही. दोन वेगळ्या धातूंच्या जोडाचं एक टोक तापवलं, दुसरं गार ठेवलं, की वीज वाहते, हा परिणाम सीबेकनं 1821 साली पाहिला. (तो त्याला चुंबकत्वच समजत राहिला, ते असो.) सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या धगीवर रेडिओ वाजत. 1977 ला निघालेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर चालतात.

आज हेच काम करणारी बिस्मथ टेल्युराइडची चार सेंटिमीटरची चौकोनी वडी बाजारात मिळते. खरी पंचाईत तापवण्याची नाही, दुसरी बाजू गार ठेवण्याची. चुलीवर त्यासाठी पंखा लावावा लागतो. बंबात नळ्याच्या आत जाळ आणि बाहेर पाणी, हे आयतंच आहे. वडीतून पार झालेली उष्णता पाण्यातच उतरते.

हिशेब उघडा मांडतो. चार बादल्या, म्हणजे 80 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 2800 वॅट-तास उष्णता लागते. त्यातली निम्मी वड्यांतून गेली आणि 3 टक्के विजेत उतरली, तर 42 वॅट-तास. पाच वॅटचा दिवा आठ तास. बंबावर फ्रिज चालवून दाखवतो म्हणणारा आमचा नव्हे. उन्हाळ्यात सौर पाटीच स्वस्त पडेल. आम्ही आषाढाचं बोलतोय.

नळा गोल, वडी सपाट. नळ्याला सपाट गाल पाडावे लागतील, आणि मध्ये केसाएवढी फट राहिली तरी उष्णता अडते. थेट जाळ लागला तर वडीचं झाळकाम वितळतं, म्हणून मध्ये जाड पत्रा हवा. हे काम ठोक्याचा हात असलेल्यांचं आहे. तांबट आळीशिवाय ही चळवळ उभी राहणार नाही.

विजेसाठी एक काटकीही जास्त जाळायची नाही. पाणी तापायला उशीर झाला, तर बंब नापास, आणि तो निकाल घरची बाई देईल. आराखडे कुणाच्या मालकीचे नसतील. अडगळीतले जुने बंब घेऊन या, गळके असले तरी चालतील.