सूक्ष्मयंत्रे आणि स्वावलंबन

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे भाव पाहताना शेतकरी मोबाइल आडवा धरतो आणि पडद्यावरील मजकूरही आपसूक आडवा होतो. ही किमया सिलिकॉनच्या एका कणाची. त्यात कोरलेले इवलेसे वजन नाजूक स्प्रिंगांवर तोललेले असते. फोन कलला की ते किंचित सरकते आणि तेवढ्यानेच बदलणारी विद्युतधारिता मोजली जाते. २०२१ साली मंगळावर उडालेल्या ‘नासा’च्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरचा तोल याच जातीच्या, बाजारात मिळणाऱ्या संवेदकाने सांभाळला. अवघ्या १.८ किलोच्या त्या यंत्राकडून पाच उड्डाणांची अपेक्षा होती. त्याने ७२ केली! अंतराळात ग्रॅमाग्रॅमाला मोल असते, म्हणूनच सूक्ष्मयंत्रांचे हे महत्त्व.

या क्षेत्रात आपण कोठे आहोत? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी ‘इस्रो’ने अवकाशात सोडला. त्याची दिशा राखण्यासाठी एकही हलता भाग नव्हता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणारे चुंबक, एवढाच तो साधा आणि कौतुकास्पद तोडगा. परंतु मंगळाला असे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. तेथे संवेदकच हवेत, आणि अचूक संवेदकांच्या विक्रीवर क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेची बंधने असतात. ‘स्वयम्’नंतर पाचच दिवसांनी भारत त्या व्यवस्थेचा सदस्य झाला. खरेदीची वाट त्यामुळे सुकर झाली, निर्मितीची मात्र आपली आपणच चालायची आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाला १९८९ साली आग लागली आणि आपण किती मागे पडलो, याचा हिशेब आजही कोणी मांडत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ७६,००० कोटी रुपयांच्या योजनेत संवेदकांचाही समावेश आहे. चर्चा मात्र चिपच्या मोठ्या कारखान्यांचीच होते. वास्तविक सूक्ष्मयंत्राच्या खर्चाचा मोठा वाटा त्याच्या वेष्टनात आणि चाचणीत जातो. कंपन, निर्वात पोकळी आणि टोकाचे तापमान यांत ते टिकते का, हे पाहण्यासाठी अब्जावधींचा कारखाना लागत नाही. पिंपळगावच्याच निफाड तालुक्यात, ओझरला, मिगपासून सुखोईपर्यंतची विमाने बांधली गेली. काटेकोर कामाची सवय असलेले हात तेथे आहेत. परिसरातील पदविका आणि विज्ञान महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना खुली असलेली अशी एक चाचणी प्रयोगशाळा ओझरला उभारावी, ही मागणी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी कांद्याच्या प्रश्नाइतक्याच आग्रहाने दिल्लीत मांडली पाहिजे.