दृढीकरण की निरोपसमारंभ?

दरवर्षी आपल्या धर्मग्रामांतून दृढीकरणाचा सोहळा थाटात पार पडतो. बिशपमहोदय येतात, वेदी फुलांनी सजते, नव्या पोशाखातील मुले-मुली रांगेने पुढे जातात, त्यांच्या कपाळावर पवित्र तेलाचा क्रूस रेखिला जातो, छायाचित्रे निघतात, पाहुण्यांना जेवण मिळते. आणि पुढच्या रविवारी? त्या रांगेतील किती जण पुढच्या रविवारी, पुढच्या वर्षी, धर्मग्रामाच्या जीवनात कोठे दिसतात, हे विचारण्याचे धाडस फारसे कोणी करीत नाही. ज्या संस्काराने ख्रिस्ताचा साक्षीदार म्हणून उभे राहण्याचे बळ लाभावे, तोच संस्कार धर्मशिक्षणाच्या वर्गातून कायमची सुटका झाल्याची पावती ठरत आहे. दृढीकरण हा आपल्याकडे निरोपसमारंभ झाला आहे, असे आम्ही म्हटले तर पुष्कळांना राग येईल. तो यावा, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

या दुखण्याची कारणे सांगणारे काही कमी नाहीत. कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी शिकवण्यांना, कोणी वसईच्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींना. या साऱ्यांत तथ्याचा अंश आहे. परंतु आमचे स्पष्ट मत असे की, दुखणे मुलांत नाही आणि काळातही नाही. ते प्रौढांच्या एका सोयीस्कर समजुतीत आहे. श्रद्धा ही वर्गात शिकविण्याची, मुलांनीच शिकण्याची आणि एका वयानंतर संपण्याची गोष्ट आहे, ही ती समजूत होय.

मूळ आज्ञा कोणती?

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित प्रभूने प्रेषितांना दिलेली आज्ञा सर्वांना पाठ आहे. जाणे, शिष्य करणे, स्नानसंस्कार देणे आणि शिकविणे, अशी चार क्रियापदे तीत येतात. मूळ ग्रीक वाक्यरचना पाहिली तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. त्या चारांपैकी आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणे, स्नानसंस्कार देणे आणि शिकविणे ही तीनही धातुसाधिते त्या एका आज्ञेच्या आधाराने उभी आहेत. म्हणजे साध्य शिष्यत्व आहे आणि बाकीची त्याची साधने आहेत.

आपल्या धर्मग्रामांचा कारभार पाहिला तर या वाक्याचे व्याकरण उलटे झालेले दिसते. स्नानसंस्कारांची नोंदवही चोख, प्रथम ख्रिस्तप्रसादाची यादी चोख, दृढीकरणाचे दाखले चोख. वार्षिक अहवालात हे सारे आकडे येतात. परंतु शिष्य किती घडले, हा रकाना कोणत्याही अहवालात नाही. तो आकड्यांनी भरता येत नाही हे आम्हांस मान्य आहे. पण जे मोजता येत नाही ते विचारायचेच नाही, असा नियम प्रभूने घालून दिलेला नाही.

आद्य ख्रिस्तसभेत प्रौढ माणूस श्रद्धेकडे वळला की त्याची दीर्घ तयारी होत असे. तिसऱ्या शतकातील हिप्पोलिटसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'प्रेषितीय परंपरा' या ग्रंथात ती तीन वर्षांची सांगितली आहे. त्या काळात त्याने प्रार्थना किती पाठ केल्या यापेक्षा तो जगतो कसा, विधवांचा मान राखतो काय, आजाऱ्यांना भेटतो काय, याची चौकशी होई. त्याला घेऊन येणारा साक्षीदार त्याबद्दल उत्तर देई. ही परंपरा पुढे लोपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तिचे पुनरुज्जीवन करण्यास सांगितले आणि १९७२ साली प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षाविधीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मात्र तो जणू परधर्मातून येणाऱ्या एखाददुसऱ्या व्यक्तीपुरता आहे, असे मानून कपाटात ठेवला गेला. जन्माने ख्रिस्ती असलेल्यांनाही कधीतरी ख्रिस्ती व्हावे लागते, हा त्यातला विचार कोणी फारसा मनावर घेतला नाही.

आठवड्याचे १६८ तास

आठवड्याचे तास १६८. त्यांतील एक तास मिस्साबलिदानाचा, एक धर्मशिक्षणाच्या वर्गाचा. उरलेले १६६ तास मूल कोणाच्या सहवासात असते? घराच्या, शाळेच्या, शिकवणीच्या, आणि आता हातातल्या पडद्याच्या. त्या १६६ तासांत येशूचे नाव एकदाही निघत नसेल, तर दोन तासांत धर्मशिक्षकाने कोणता चमत्कार करावा, अशी पालकांची अपेक्षा आहे?

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत यत्किंचितही संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा मानले आणि आईवडील हे आपल्या मुलांसाठी श्रद्धेचे पहिले प्रचारक असल्याचे सांगितले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ७७४ वा नियम हेच कर्तव्य सर्वांआधी आईवडिलांवर टाकतो. त्याहून जुना दाखला हवा असेल तर १९१० चा घ्यावा. त्या साली संत पायस दहावे यांच्या आदेशाने लहान मुलांना, साधारण सातव्या वर्षापासून, ख्रिस्तप्रसाद खुला झाला. मुलाला वेदीकडे कधी न्यावे हे ठरविण्याचा अधिकार त्याच आदेशात प्रथम पित्याला व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला दिलेला आहे. आज प्रथम ख्रिस्तप्रसादाची तारीख वर्गाच्या इयत्तेवरून ठरते आणि वडिलांना ती सूचनाफलकावरून कळते. ज्याने ठरवावयाचे, तो केवळ सभागृहाचे आरक्षण करतो!

आणि ते आरक्षण कसे होते, तेही सांगितले पाहिजे. मुलीला नववधूप्रमाणे नटविले जाते, मुलाला नवरदेवाचा सूट चढविला जातो. मंडप, केक, ध्वनिवर्धक, मद्य, आलेल्यांना परतभेटी. आनंद करू नये असे आम्ही म्हणत नाही. कानागावच्या लग्नात प्रभूने स्वतः द्राक्षारस पुरविला होता. परंतु ज्या घरात या मेजवानीची तयारी महिनोन्महिने चालते, त्या घरात मुलाला पापनिवेदनाचा अर्थ सांगायला कोणाला सवड मिळाली का? त्या दिवशी मुलाला जे कळायचे ते बरोबर कळते. ख्रिस्तप्रसाद हे निमित्त असून मेजवानी हेच कार्य आहे, हा धडा तो जन्मभर विसरत नाही. धर्मशिक्षण अयशस्वी होते असे म्हणतात ते खोटे आहे. घरचे धर्मशिक्षण नेहमी यशस्वी होते. प्रश्न एवढाच, की घर काय शिकविते.

यात भाषेचाही एक प्रश्न दडलेला आहे. आजी सामवेदीत वा वाडवळीत बोलते, जपमाळ मराठीत म्हणते. नातू इंग्रजी शाळेत जातो आणि प्रार्थना इंग्रजीत शिकतो. दोघांच्याही प्रार्थना खऱ्या, पण एकत्र म्हणता येत नाहीत; म्हणून हळूहळू कोणीच म्हणत नाही. इंग्रजी शिकू नये असे म्हणणारे आम्ही नव्हे. परंतु ज्या भाषेत आई रागावते आणि आजी समजूत घालते, त्या भाषेत देवाचे नाव उरले नाही, तर देव हा मुलाच्या लेखी शाळेतल्या इतर विषयांसारखा एक विषय होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली रायतूर येथे छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच हा प्रश्न आला आहे. नवख्रिस्ती साष्टीकर धर्मशिक्षणाच्या वेळी पाद्रीला विनवितात की, प्रार्थना आणि सिद्धान्त शिकविता ते ठीक, पण आमची जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्हांला आमच्या भाषेत काही द्या. पाठांतराने श्रद्धेची भूक भागत नाही, हे चारशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना कळले होते. आज आपल्याकडे मराठीत बायबल आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे. पण ते वाचून दाखविणारा आवाज किती घरांत आहे?

नागासाकीचा धडा

संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला वसईकर मोठ्या अभिमानाने जमतात. हा आपला माणूस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर गेला. तो धर्मगुरू नव्हता. फ्रान्सिस्कन संघाचा व्रतबंधू होता, दुभाषी म्हणून काम करीत होता. त्याच्यासह प्राण देणाऱ्या एकूण २६ जणांत मिखाएल कोझाकी आणि त्याचा किशोरवयीन मुलगा थॉमस हे पितापुत्र होते. वधस्थानाकडे जाताना त्या मुलाने आईला लिहिलेल्या पत्रात धाकट्या भावांची काळजी आहे. बाप आणि मुलगा एकाच रांगेत उभे: श्रद्धेचे संगोपन म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट चित्र आम्हांस ठाऊक नाही.

पुढची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली, धर्मगुरू हाकलले वा मारले गेले. दोनशे वर्षांहून अधिक काळ तेथे ना मिस्सा होती, ना शाळा, ना धर्मशिक्षणाचे वर्ग. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच सांगितले की त्यांची श्रद्धा आणि आमची श्रद्धा एकच आहे. मग त्यांनी पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. हे कसे घडले? गावागावांत एक जण सणावारांची दिनदर्शिका सांभाळी, एक जण बालकांना स्नानसंस्कार देई, एक जण घरोघर निरोप पोचवी. प्रार्थना आईवडिलांकडून मुलांकडे गेल्या. सात पिढ्या!

ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी दोन शतके श्रद्धा टिकविली. ज्यांच्याकडे चर्च, शाळा, सभागृहे आणि धर्मगुरू आहेत, त्यांच्या मुलांची श्रद्धा सोळाव्या वर्षी ओसरते. हा विरोधाभास ज्याला टोचत नाही, त्याने संत गोन्सालोंच्या मिरवणुकीत मेणबत्ती धरू नये.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सगळे घरीच करायचे तर फादर कशाला? उत्तर जपानच्याच इतिहासात आहे. त्या गुप्त ख्रिस्ती लोकांपैकी काही जण बंदी उठल्यावरही ख्रिस्तसभेत परतले नाहीत. पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलेल्या त्यांच्या प्रार्थनांचे शब्द झिजून अर्थ हरवत गेले होते. ख्रिस्तप्रसादाची वेदी आणि शिकवणीचा आधार नसेल तर घराची श्रद्धाही वाट चुकते. म्हणून घर विरुद्ध चर्च असा हा वाद नाहीच. घराने पेरावे, चर्चने पोसावे, हे कामाचे वाटप आहे. आज मात्र पेरणीही चर्चने करावी अशी अपेक्षा आहे आणि शेत मात्र घराच्या ताब्यात!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कडक नियम केले तर लोक दुरावतील, दुसऱ्या प्रार्थनासमूहांकडे जातील, असे काही धर्मगुरूही खासगीत बोलतात. संस्कार योग्य रीतीने मागणाऱ्या, मनाची तयारी असलेल्या व्यक्तीला ते नाकारता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. धर्मविधिसंहितेचा ८४३ वा नियम तसे सांगतो. परंतु त्याच नियमाचा दुसरा भाग सांगतो की, संस्कार मागणाऱ्याची तयारी करून घेणे हे मेंढपाळांचे आणि इतर श्रद्धावंतांचेही कर्तव्य आहे. पहिला भाग सर्वांना पाठ आणि दुसरा भाग विस्मृतीत, याला दयाळूपणा म्हणत नाहीत. आणि जे दुसरीकडे जातात ते सवलतींच्या शोधात जात नाहीत. तेथे त्यांच्या हाती बायबल दिले जाते, त्यांचे नाव घेऊन विचारपूस होते, त्यांच्याकडून काहीतरी मागितले जाते. माणूस मागणी झाली म्हणून दुरावत नाही. आपले असणे-नसणे सारखेच आहे असे वाटले की तो जातो.

काय करावे?

आम्ही केवळ टीकेवर थांबू इच्छीत नाही. तीन सूचना करतो.

पहिली, प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी मुलांच्या वर्गाइतकीच पालकांच्या वर्गात व्हावी. आई आणि वडील या दोघांनीही किमान काही संध्याकाळी यावे, आणि मुलाला एक प्रार्थना व एक दाखला त्यांनी स्वतः घरी शिकवावा. धर्ममाता-धर्मपित्यांची निवड नात्याच्या मानापमानावरून न होता श्रद्धेवरून व्हावी. दृढीकरण झालेली, वयाने जाणती, श्रद्धेला साजेसे जीवन जगणारी व्यक्ती, ही ८७४ व्या नियमाची अट कागदावरून जीवनात यावी.

दुसरी, दृढीकरणाच्या आदल्या वर्षी प्रत्येक उमेदवाराला परीक्षेऐवजी काम द्यावे. वाडीतील एका आजारी व्यक्तीची नियमित भेट, छोट्या ख्रिस्ती समूहात शास्त्रवाचन, लहानांच्या वर्गात मदत. आणि दृढीकरणानंतर ते काम सुटू नये, उलट वाढावे. ज्याला जबाबदारी आहे त्याला निरोप देता येत नाही.

तिसरी, धर्मशिक्षकांना मान आणि शिक्षण मिळावे. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाचे सेवापद विधिपूर्वक स्थापन केले. म्हणजे हे काम फावल्या वेळेचे परोपकारी काम नसून पाचारण आहे. सणाच्या रोषणाईचा खर्च थोडा आवरून तो त्यांच्या शिबिरांकडे वळविला, तर कोणत्याही संताचा अवमान होणार नाही.

या सूचना अवघड नाहीत. अवघड आहे ते प्रौढांनी पुन्हा विद्यार्थी होणे. शिष्य या शब्दाचा अर्थच शिकणारा असा आहे, आणि शुभवर्तमानात शिष्यत्वाला वयाची अट कोठेही नाही. निवृत्तीचे वयही दिलेले नाही. येत्या वर्षी दृढीकरणाच्या रांगेत मुले उभी राहतील तेव्हा धर्मग्रामाने त्यांच्याकडे पाहण्याआधी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आईबापांकडे आणि धर्ममाता-धर्मपित्यांकडे पाहावे. मुले कोठे जाणार, याचे उत्तर तेथेच उभे असते.