निघण्यापूर्वी

प्रवासाला निघणे आणि घर सोडून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेन्नईच्या मीनंबाक्कम येथील आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमारास गेले, की हा भेद डोळ्यांना दिसतो. परदेशी जाणारी अनेक विमाने रात्री उशिरा सुटतात. त्यामुळे शहर झोपी जात असते तेव्हा हे प्रस्थानाचे दालन जागे होते. सुटीसाठी निघालेले हसतमुख कुटुंब, उच्च शिक्षणासाठी निघालेली विद्यार्थिनी आणि दोरीने बांधलेले खोके सांभाळत आखाती देशात मजुरीसाठी निघालेला तरुण, असे सारे एकाच रांगेत उभे असतात. रांग एक असली, तरी तिचा अर्थ तिघांसाठी सारखा नसतो.

प्रस्थानाची ही प्रक्रिया प्रथमदर्शनी किचकट वाटते. वस्तुतः तिच्यात एक साधा तर्क आहे. प्रत्येक टप्प्यावर आपल्याला वेगळा प्रश्न विचारला जातो. प्रवेशद्वारावरील जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. आपण खरोखरच प्रवासी आहोत का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. विमान कंपनीच्या खिडकीवर सामानाचे वजन होते, व्हिसा तपासला जातो आणि बोर्डिंग पास हाती येतो. त्यानंतर इमिग्रेशनचा अधिकारी पाहतो, की या व्यक्तीला देशाबाहेर जाण्यास कायद्याची काही आडकाठी आहे काय. शेवटी सुरक्षा तपासणीत आपल्या अंगावर आणि हातातील पिशवीत काय आहे, हे पाहिले जाते.

या नियमांपैकी बरेचसे कटू अनुभवांतून आले आहेत. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर 2000 पासून देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. 2006 मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवून देण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, तेव्हापासून हातातील सामानात 100 मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव नेण्यावर जगभर निर्बंध आले. आपली बाटली बाजूला काढणाऱ्या जवानावर चिडणाऱ्याने ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, तर त्याचा त्रागा निश्चितच कमी होईल.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारला जातो, आणि तो सर्वांना सारखा विचारला जात नाही. जो दहावी उत्तीर्ण नाही, त्याच्या पासपोर्टवर सामान्यतः 'ईसीआर' ही तीन अक्षरे असतात. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया यांसारख्या ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. ती देताना नोकरीचा करार आणि भरती करणाऱ्या दलालाची नोंदणी तपासली जाते. प्रवासी भारतीय विमा योजनेचे संरक्षणही आवश्यक असते.

काही काळापूर्वी याच रांगेत माझ्यापुढे एक तरुण उभा होता. त्याने हातातील कागद माझ्यापुढे धरला आणि तमिळमध्ये विचारले, "सार, यातला कोणता दाखवायचा?" अनेक वर्षांच्या वास्तव्याने मला तमिळ बऱ्यापैकी येते. मी कागद वाचला. तो कामाचा व्हिसा नव्हता; भेटीसाठी जाणाऱ्याला मिळतो तो व्हिसा होता. मी विचारले, "तंबी, तू कामाला जातो आहेस ना?" तो म्हणाला, "हो. पण कोणी विचारले तर मामाकडे चाललो आहे असे सांग, असे एजंटने बजावले आहे." आठवीनंतर त्याची शाळा सुटली होती. या व्हिसावर काम करणे तेथे बेकायदेशीर ठरेल आणि मालकाने पगार बुडवला तर दाद मागणेही कठीण होईल, हे मी त्याला समजावून सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि खोके उचलून तो रांगेबाहेर पडला. जाताना एवढेच म्हणाला, "अम्माने दागिने गहाण ठेवले आहेत, सार."

मी त्याला वाचवले की त्याची संधी हिरावून घेतली, हा प्रश्न मला आजही छळतो. एक गोष्ट मात्र मला निःसंशय वाटते. आपण कोणत्या कागदाच्या आधारे देश सोडतो आहोत, हे त्याला घरी असतानाच कळायला हवे होते.

या शहराला ही कहाणी नवी नाही. ऑक्टोबर 1860 मध्ये याच मद्रासच्या किनाऱ्यावरून 'ट्रुरो' नावाचे जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन निघाले आणि 16 नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला पोहोचले. त्या मजुरांपैकी आपला करार स्वतः वाचू शकणारे थोडेच असतील. पुढे 'अॅग्रीमेंट' या शब्दाचे 'गिरमिट' झाले आणि करारात बांधला गेलेला माणूस 'गिरमिटिया' म्हणून ओळखला जाऊ लागला. न वाचलेल्या कागदाचे ओझे किती पिढ्यांना वाहावे लागते, हे तो शब्द आजही सांगतो.

दहावी उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असा भेद करणारा हा नियम गरिबांचा अपमान करणारा आहे, असे काही जण म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे. सुशिक्षितही फसवले जातातच. तरीही ही तपासणी उद्या काढून टाकली, तर लाभ त्या तरुणाचा होणार नाही. त्याच्या एजंटचा होईल. संरक्षण काढून घेण्यापेक्षा ते समजेल अशा भाषेत पोहोचवणे हाच खरा उपाय आहे. जानेवारी 2025 मध्ये चेन्नईसह सात विमानतळांवर पूर्वनोंदणी केलेल्या प्रवाशांसाठी इमिग्रेशनची जलद स्वयंचलित दारे सुरू झाली. वारंवार प्रवास करणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली, हे चांगलेच झाले. पण आयुष्यात प्रथमच विमानात बसणाऱ्याला, त्याच्या मातृभाषेत चार शब्द समजावून सांगणारा माणूस त्याहून अधिक आवश्यक आहे. आणि तो विमानतळाच्याही आधी, गावातच भेटायला हवा.

म्हणूनच दहावीच्या प्रमाणपत्राकडे केवळ गुणांचा कागद म्हणून पाहू नये. ते नियमित शाळेतून मिळालेले असो वा मुक्त विद्यालयातून, त्यामुळे पासपोर्टवरची ती तीन अक्षरे पुसली जातात. पण त्याहून मोलाची आहे ती त्यामागची सवय : सही करण्यापूर्वी वाचण्याची, आणि न समजल्यास निःसंकोचपणे विचारण्याची. ज्याच्याकडे ही सवय आहे, तो घर सोडून जातानाही स्वतःच्या इच्छेने जातो. आणि परतण्याची वाटही त्याला ठाऊक असते.