ही आवृत्ती कोणती?

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली की पहिली कोणत्या साली निघाली हे आतल्या पानावर छापतात. मजकूर बदलला असेल तर लेखक प्रस्तावनेत तसे सांगतो. मग गाण्यानेच काय घोडे मारले आहे? जुने गाणे नव्या वेष्टनात आले, तर आत जुने किती आणि नवे किती, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही. ती पडली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

परदेशचा एक दाखला पाहा. जॉनी थंडर्स हा न्यूयॉर्कचा पंक रॉक गिटारवादक. हे संगीत दांडगे, धसमुसळे. दिवाळीच्या पहाटे लावण्याजोगे खचित नव्हे. त्याच्या हार्टब्रेकर्स ह्या मेळाची तबकडी १९७७ साली निघाली, ती इतकी गढूळ वाजली की ड्रमवादक जेरी नोलन त्यापायी मेळ सोडून गेला. १९८४ साली तीच गाणी नव्याने जुळवून निघाली. १९९४ साली जुन्या फितींतून निवडून पुन्हा. २०२१ साली मूळ फितीची प्रत सापडली म्हणून आणखी एकदा. पण दर खेपेला नाव वेगळे दिले. कोणती आवृत्ती सरस, यावर तिकडचे रसिक अजून हुज्जत घालतात.

आणि आपण? १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, गीते ५६. रामाला फडक्यांचा आवाज, सीतेला माणिक वर्मांचा. शिवाय वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके. पुढे तबकड्या, कॅसेटी आणि सीड्या घरोघर गेल्या, त्या मात्र एकट्या फडक्यांच्या गायनाच्या. आज कुणाला सहज विचारा, सीता प्रथम कोणाच्या कंठातून बोलली?

कोणी म्हणेल, "बाबूजींच्या गाण्यात काय उणे आहे?" काहीही नाही. चाली त्यांच्या, आणि गीतरामायण गावोगाव पोचले ते त्यांच्याच कार्यक्रमांमुळे. तक्रार गायकाविषयी नाही, आपल्या बेफिकिरीविषयी आहे. दुसरी आवृत्ती हाती आली म्हणून पहिली नव्हतीच, असे कसे मानावे?

जिथे एवढ्या मोठ्या नावांची ही गत, तिथे लहानांची काय कथा! मी राहतो त्या डहाणू-तलासरीच्या मुलखात भात निघाले की तारपा घुमू लागतो. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वादक मधोमध आणि नाचणाऱ्यांचा फेर त्याच्याभोवती. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्र काढणाऱ्याला नाव मिळू शकते, हे त्यांनी दाखवले. तारपा वाजवणाऱ्याचे काय? पाहुणे येतात, मोबाइलवर तारपा टिपतात, आणि खाली लिहितात, "आदिवासी संगीत". जणू तो वाऱ्यानेच वाजत होता! उद्या हाच तुकडा दहा ठिकाणी फिरेल, त्याखाली ढोलकी घातली जाईल, आणि मूळ कोणाचे हे सांगणारा उरणार नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत आमच्या बाजूला आलात तर तारपा जरूर ऐका. टिपायचा असेल तर आधी वादकाला विचारा. आणि त्याचे नाव, त्याचा पाडा व तारीख लिहिल्याशिवाय तो पुढे कोणाला पाठवू नका.