टर्बो गेला, असं म्हणण्याआधी

मागच्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांची डिझेल गाडी खंबाटकी घाट चढताना निळा धूर सोडू लागली. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निदान झालं, "सर, टर्बो गेला." नवा टर्बो बसला आणि पेन्शनचे दोन महिने त्यात गेले. तीन आठवड्यांनी त्याच घाटात तोच धूर. आता निदान आणखी मोठं होतं : "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल." तेव्हा सरांनी मला फोन केला. इंजिन उघडण्याआधी ब्रीदरची वाट तपासून घ्या, एवढंच मी सांगितलं. टॅपेट कव्हरवरच्या ऑइल सेपरेटरमध्ये काळा चिकट मळ गच्च बसला होता. तो भाग बदलला, इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल काढलं आणि धूर थांबला. काढलेला जुना टर्बो गोणपाटात गुंडाळून डिकीत पडला होता. मी त्याचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. त्यात काहीही बिघाड नव्हता.

असे फोन मला वारंवार येतात, म्हणून आजचा स्तंभ या एकाच विषयाला देतो आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या पोकळीत उतरतोच. त्यात इंधनाची वाफ असते, पाण्याची वाफ असते आणि ऑइलचे बारीक थेंब मिसळतात. टर्बो इंजिनात सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून हा वायूही जास्त. त्याला बाहेर पडायला वाट लागते, तोच ब्रीदर. जुन्या काळी एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असे. लॉस एंजलिसच्या धुरक्याने त्या पद्धतीचा शेवट केला. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत हा वायू झडपेतून परत इंजिनात ओढून जाळण्याची सोय आली आणि दोन वर्षांत ती अमेरिकाभर पसरली. तीच पीसीव्ही झडप.

साध्या पेट्रोल इंजिनात हे काम सोपं असतं. इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळीचा ओढा असतो, तोच हा वायू खेचून घेतो. टर्बो आला की गणित उलटतं. ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमध्ये ओढ्याऐवजी दाब तयार होतो. त्या क्षणी एकतर्फी झडपेने तो रस्ता बंद करायचा आणि वायूने दुसऱ्या वाटेने, टर्बोच्या तोंडापाशी जायचं, अशी रचना असते. ही झडप सैल पडली तर टर्बोची हवा थेट क्रँककेसमध्ये घुसते. मग ऑइल सील गळतात, गॅस्केट ओली होतात, कधी डिपस्टिक आपल्या जागेवरून वर येते. पीसीव्ही झडपेतला पडदा फाटला तर उलटा प्रकार होतो. आयडलला ओढा नको इतका वाढतो, शिट्टीसारखा आवाज येतो आणि गाडी ऑइल खाऊ लागते. एअर फिल्टर चोंदला असला तर टर्बोच्या तोंडाशी ओढा वाढून ऑइल आणखी खेचलं जातं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरण्याची सवयही इथे भोवते.

आता टर्बोला दोष का लागतो ते पाहा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल त्याच्यापर्यंत पंपाच्या दाबाने पोहोचतं, परतताना मात्र फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. तिथे पंप नाही, फक्त एक जाड नळी आहे. शाफ्टच्या टोकांना रबरी सील नसतात, पिस्टनच्या रिंगांसारख्या धातूच्या कड्या असतात आणि दोन्ही बाजूंच्या दाबाचा तोल राहिला तरच त्या ऑइल रोखतात. क्रँककेसमध्ये दाब चढला की परतीचं ऑइल तुंबतं आणि कडीच्या फटीतून एक्झॉस्टकडे किंवा हवेच्या बाजूला निसटतं. एक्झॉस्टकडे गेलं की निळा धूर. नवा टर्बो बसवला तरी तोही धूरच सोडणार. घरात मोरी तुंबली असताना आपण नळ बदलत नाही.

हवेच्या बाजूचं ऑइल इंटरकूलरमध्ये साचतं आणि डिझेल गाडीत ते जिवावर बेतू शकतं. पुरेसं ऑइल आत खेचलं गेलं तर इंजिन त्याच्यावरच पळू लागतं, चावी काढली तरी थांबत नाही. इंटरकूलरचा पाइप ओला दिसला म्हणून घाबरू नये, हलका ओलावा सगळ्याच टर्बो गाड्यांत असतो. खाली थारोळं साचलेलं दिसलं तर मात्र गाडी चालवू नये.

तपासणी अवघड नाही. चांगला मेकॅनिक डिपस्टिकच्या नळीला साधा दाबमापक लावतो आणि आयडलला व रेस देऊन वाचन घेतो. ब्रीदर साफ असूनही दाब चढलेला असेल तर रिंगांवर संशय घ्यावा आणि कॉम्प्रेशन तपासावं. टर्बोचा शाफ्ट आडवा थोडा हलतोच, त्यावरून तो बाद ठरत नाही. आत-बाहेर हलत असेल किंवा पाती घराला घासली असतील, तर तो खरोखर गेला. टर्बो खराब होतात, हे मी नाकारत नाही. पण क्रँककेसच्या दाबाची तपासणी शेवटी करायची नसते, सुरुवातीला करायची असते.

एका प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. काही ठिकाणी ब्रीदरचा पाइप काढून गाडीखाली मोकळा सोडतात आणि काम झालं म्हणतात. सायलेन्सरचा धूर कमी दिसतो खरा, पण तो सगळा वायू रस्त्यावर, मागच्या दुचाकीस्वाराच्या नाकात जातो. हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे. पीयूसीलाही हे सापडत नाही, कारण त्या तपासणीत नळी सायलेन्सरमध्ये घालतात, ब्रीदरपाशी कोणी पाहत नाही. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर, भार नसताना होते, आणि टर्बोचा धूर बहुधा घाटात, भाराखाली निघतो. इंजिन ऑइल जाळत राहिलं तर त्यातल्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो, ते नुकसान वेगळंच.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झालं, त्यानंतर छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांच्या गाड्या मध्यमवर्गीय घरांत मोठ्या संख्येने आल्या. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतूनही त्या बाहेर पडतात. तेव्हा कंपन्यांनी ब्रीदर आणि त्याची झडप सर्व्हिसच्या यादीत ठळकपणे छापावी. धूर दिसल्यावर नव्हे, ठरावीक किलोमीटरला ती पाहिली जावी. आणि वाचकहो, तुमच्या जॉबकार्डवर टर्बोचं नाव लिहिलं जाण्याआधी क्रँककेसचा दाब मोजून तो आकडा तिथे लिहायला सांगा. आकडा लिहिला जाईपर्यंत सही करू नका.