सोवळ्याचे घर आणि त्यातून सुटका : ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनासंबंधी काही विचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या आत्मचरित्राभोवती काही विशेषणे कायमची चिकटली आहेत : साधेपणा, प्रांजळपणा, निर्मळ विनोद, क्षमाशील वृत्ती. ही विशेषणे चुकीची नाहीत. तथापि, त्यांच्या वारंवार उच्चारामुळे या ग्रंथातील एक महत्त्वाचा विषय झाकला गेला आहे. तो विषय म्हणजे घरातच, घरच्या माणसांकडून मुलांच्या मनावर होणारा आघात आणि त्यातून माणूस सावरतो तो कसा, हा होय.

मराठी वाङ्मयात बालपणाचे घर हे बहुधा संस्काराचे आणि वात्सल्याचे स्थान म्हणून येते. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ने ही प्रतिमा मराठी मनात दृढ केली. त्याच सुमारास ‘स्मृतिचित्रे’ने एक वेगळे घर वाचकांपुढे ठेवले होते. १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या मनूचे ते घर. तेथे सत्ता आहे ती वडिलांच्या सोवळ्याची. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. मीठही त्याला अपवाद नाही. बायको, मुले, त्यांचे खाणेपिणे, वावरणे, सारेच या एका वेडाच्या ताब्यात. येथे प्रश्न केवळ कर्मठपणाचा नाही. आपल्या स्पर्शानेच काहीतरी बिघडते, ही जाणीव ज्या मुलाला रोज दिली जाते, त्याला स्वतःच्या देहाविषयी आणि अस्तित्वाविषयी अपराधी वाटू लागते. अंगावर वळ न उठविता होणारी ही इजा आहे.

या वेडाचे मूळ लक्ष्मीबाईंनी स्वतःच सांगितले आहे. त्यांचे मातामह वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या उठावात फाशी झाली आणि तेव्हापासून जावयाच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. या प्रसंगाकडे अभ्यासकांनी फारसे थांबून पाहिलेले दिसत नाही. फाशी झाली ती आईच्या वडिलांना. शोकाचा पहिला अधिकार तिचा. परंतु घरात जागा मिळाली ती जावयाच्या भीतीला. मुलीचा शोक मुका राहिला आणि त्याच दुर्घटनेतून जन्मलेले पतीचे वेड सांभाळणे तिच्या वाट्यास आले. इतिहासातील एक हिंसा घराच्या उंबरठ्याच्या आत येऊन कशी रूप पालटते आणि पुढील पिढीच्या ताटापर्यंत कशी पोहोचते, याचे इतके नेमके दर्शन मराठी आत्मचरित्रांत क्वचितच घडते.

लक्ष्मीबाईंनी कारण सांगितले, परंतु त्या कारणाची सबब केली नाही, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे. वडील स्वतः भ्यालेले होते हे त्या जाणतात. म्हणून घरातील माणसांचे हाल कमी होते असे त्या म्हणत नाहीत. त्यांच्या विनोदाचा रोखही पाहण्यासारखा आहे. तो सोवळ्याच्या नियमांतील विसंगतीवर आहे. त्या नियमांखाली भरडल्या गेलेल्या माणसांवर नाही. ज्या घरात नियमाला हसण्याची सोय नव्हती, त्या घराकडे साठ वर्षांनंतर वळून हसणे हे विस्मरणाचे लक्षण नव्हे. पूर्वी जे नाकारले गेले होते ते अंतर येथे प्रथमच मिळविलेले आहे. या हसण्याला केवळ ‘निर्मळ’ म्हणून मोकळे होणे म्हणजे त्याची किंमत न मोजणे होय.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी आघातातून सावरण्याची प्रक्रिया १९९२ मध्ये तीन टप्प्यांत मांडली : सुरक्षिततेची प्रस्थापना, आठवण व शोक, आणि जगाशी नव्याने जोडले जाणे. ‘स्मृतिचित्रे’ला हे माप लावण्यास कोणी हरकत घेईल. १९३४ च्या ग्रंथावर आजची परिभाषा लादू नये, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु येथे वडिलांच्या रोगाचे निदान करावयाचे नाही. ग्रंथाची रचनाच जो प्रवास दाखविते, तो ओळखण्यापुरताच या परिभाषेचा उपयोग.

हा प्रवास सरळ नाही. लग्नानंतर मनूची लक्ष्मी झाली, पण घर बदलले म्हणून भय सुटले असे घडले नाही. नारायण वामन टिळक हेही वडिलांच्या तापट स्वभावाने पोळलेले आणि आईच्या मृत्यूनंतर कोवळ्या वयात घर सोडून नाशिकला आलेले. पोळलेल्या मुलाचा लहरी, रागीट आणि तितकाच प्रेमळ पती झाला. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. ज्या वेडाने बालपण करपविले, तेच आता आपले म्हणून जपले जात होते. घरातील छळाचा हा सर्वांत खोल परिणाम होय : छळणाऱ्याचा नियम छळलेल्याच्या अंगात मुरतो.

म्हणूनच जातिभेद मनुष्यकृत आहे असे ठरवून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा लक्ष्मीबाईंचा निश्चय हा या आत्मचरित्राचा कळस मानावयास हवा. समीक्षेने त्याकडे बहुधा धर्मांतराची पूर्वपीठिका किंवा सामाजिक सुधारणेचे पाऊल म्हणून पाहिले. तो तसा आहेच. परंतु ती मनूचीही सुटका आहे. वडिलांना क्षमा केली की नाही, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. त्यांचा नियम तिने आपल्या हातांतून खाली ठेवला, हे महत्त्वाचे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांच्या घरात अनाथ मुलांना आसरा मिळाला आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचे केले. ज्या मुलीच्या स्पर्शाला भय चिकटविले गेले होते, तिने परक्यांची मुले जवळ घेतली. सावरणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

हा प्रश्न केवळ ग्रंथाच्या मूल्यमापनाचा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळाला हिंसा म्हणून मान्यता दिली. कायद्याने जे ओळखले, ते ओळखण्यास समीक्षेने मागे राहू नये. वर्गात ‘स्मृतिचित्रे’तील गमतीचे उतारे शिकविताना समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखादा तशाच घरातून आलेला असतो. ‘लक्ष्मीबाईंनी सारे हसत सोसले’ एवढेच त्याला सांगितले, तर त्याच्या हाती पडतो तो सोसण्याचाच उपदेश. लक्ष्मीबाईंनी सोसले, हे खरे. पण त्यांनी पाहिले, नाव ठेवले, कारण शोधले आणि अखेर मोडले, हे अधिक खरे आहे. मराठीच्या अध्यापनाने या दुसऱ्या लक्ष्मीबाईंना आता वर्गात आणावयास हवे.